निर्ण्यावरची दुसरी फेरी

हेडफोनमधला नागराजचा आवाज कानात पातळ झाला. तुटला नाही, खरखरलाही नाही. बोलता बोलता माणूस खोलीबाहेर निघून जावा आणि दाराआडून बोलत राहावा, तसा तो लांब गेला. तो खाली बोट दाखवत होता. "ती बघा मॅडम, पांढऱ्या टाकीच्या बाजूचं माळवद. आई बसलीया. हिरवं लुगडं." यातला लुगडं हा शब्द स्नेहलला ऐकू आला नाही, त्याच्या ओठांवर दिसला. तिनंही क्षणापूर्वी खालीच पाहिलं होतं. निर्णा गावाची सगळी माळवदं माणसांनी भरली होती. कुणी टॉवेल हलवत होतं, कुणी मोबाइल वर धरला होता, आणि त्या गर्दीत नागराजची आई बाणूबाई म्हणून एखादा हिरवा ठिपका असणारच होता. एक फेरी झाली होती. दुसरीसाठी नागराजनं विमान डावीकडं कलतं ठेवलं होतं. स्नेहलनं मान वर केली, तेव्हा समोरच्या काट्या-बटणांच्या पट्टीवर एक बारीक लाल दिवा लागलेला होता. तो कधी लागला हे तिला सांगता आलं नसतं, आणि दिव्यापेक्षा तिला तेच जास्त लागलं. कलबुर्गीच्या शाळेत ती विमान चालवायला शिकवायची आणि पोरांना सारखं सांगायची, नजर एका जागी ठेवू नका, फिरती ठेवा. आज तिची नजर एका म्हातारीच्या माळवदावर जाऊन बसली होती.

"माझ्याकडे द्या," ती म्हणाली. नागराजनं दोन्ही हात उचलले. हे त्याला पक्कं शिकवलेलं होतं. विमान त्याचं होतं, डावी खुर्चीही त्याचीच. बोअरवेलच्या गाड्यांच्या धंद्यात वर आलेल्या या माणसानं पंचेचाळिशीत परवाना काढला होता आणि चार जणांचं, एका इंजिनाचं हे जुनं विमान हौसेनं घेतलं होतं. पण अजून एकट्यानं लांब जायचा त्याला धीर नव्हता, म्हणून रविवारी उजव्या खुर्चीवर स्नेहल असायची. तिनं विमान सरळ केलं, गावावरून बाहेर काढलं आणि थोडं वर घेतलं. विजेचा काटा शून्याच्या डाव्या अंगाला पडला होता. इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर बंद पडला होता आणि रेडिओ, दिवे, कानातलं बोलणं, सगळं आता बॅटरीतली शिल्लक खात होतं. इंजिनाला त्याची फिकीर नव्हती. आपली ठिणगी ते स्वतःच तयार करतं. वीज गेली तरी पंखा फिरत राहतो. हे तिनं फळ्यावर किती वेळा काढून दाखवलं होतं. तिनं चार्जिंगचा स्विच एकदा बंद करून पुन्हा लावला. लाल दिवा क्षणभर गेला आणि परत आला. मग तिनं तो स्विच बंदच ठेवला. आणि तेवढ्यात वास आला. घरात मिक्सर जास्त वेळ फिरवला की येतो तसा, गोडसर, जळक्या वायरीचा. फळ्यावर वास येत नाही.

तिचा हात मुख्य स्विचवर गेला आणि तिनं तो खाली ओढला. कानातली सततची बारीक सळसळ थांबली. ती सळसळ इतकी नेहमीची होती की ती असते हेच स्नेहल विसरली होती. आता ती नाही म्हटल्यावर डोकं रिकामं झाल्यासारखं वाटलं. रेडिओ गेला. बिदरच्या हवाई तळावरचा माणूस, ज्याच्याकडून त्यांनी निर्ण्यावर दोन फेऱ्यांची परवानगी घेतली होती, तो गेला. नागराजही गेला. तो शेजारीच होता, त्याचा दंड तिच्या दंडाला लागत होता, त्याचे ओठ हलत होते, पण इंजिनाच्या घरघरीत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. स्नेहलनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. घाम, उघडं तोंड, पट्ट्याला घट्ट धरलेली बोटं. तो घाबरला होता, पण त्याला काही झालं नव्हतं. ती परत पट्टीकडं वळली. हवेची झडप पूर्ण उघडली, आग विझवायचा छोटा लाल सिलिंडर खुर्चीखालून ओढून पायांत धरला, आणि तळहात पट्टीच्या पत्र्यावर टेकवला. पत्रा कोमट होता. उन्हानं की आतून, कळत नव्हतं. आपण आत्ता या माणसाकडं कसं पाहिलं, हे तिला हात टेकलेला असतानाच आठवलं, आणि तसंच पाहिलेले दुसरे डोळे आठवले.

खटकचिंचोळीत त्यांच्या गोठ्याला लागून कडब्याची गंजी असायची. उन्हाळा होता. ती शाळेत जायच्या आधीची, लिंबाखाली बसून भिजवलेले हरभरे खात होती. गंजीनं कसा पेट घेतला कुणाला कळलं नाही. तिला आठवतो तो आवाज, कुणीतरी जाड कापड टराटरा फाडत असल्यासारखा, आणि बांधावरून पळत आलेली आई. चांगुणाबाईनं पोरीकडं पाहिलं. एकदाच. मग ती तिच्याजवळून पुढं गेली, सरळ गोठ्यात शिरली. म्हैस सोडली, बैल सोडला, वासराचं दावं सुटेना म्हणून विळ्यानं कापलं, आणि मग बाहेर येऊन पोरीला काखेला मारलं. गल्लीतल्या बायांना पुढं कित्येक वर्षं ते पुरलं. चांगुणानं पोरगी सोडली अन् म्हैस सोडली. हसत म्हणायच्या, पण म्हणायच्या. आई त्यावर कधी बोलली नाही. स्नेहल थोडी मोठी झाल्यावर तिनं एकदा भाकरी थापणाऱ्या आईला विचारलं होतं, "मला कामून सोडून गेलीस?" आई म्हणाली, "तू वाऱ्याच्या वरच्या अंगाला व्हतीस." एवढंच. स्नेहलला ती सबब वाटली होती. विमानशास्त्र शिकताना वाऱ्याच्या वरचं अंग आणि खालचं अंग परीक्षेसाठी घोकलं, तेव्हाही ती सबबच वाटली होती. आता जळक्या वासात हात टेकवून बसलेली असताना तिला ती नजर समोर दिसली. त्या नजरेत सोडून देणं नव्हतं. मोजणं होतं. ही कुठं बसलीय, आग कुणीकडं जायलीय, हिला किती वेळ हाय. पोरीला ते दिसणार नव्हतं. पोरीला फक्त पाठ दिसली होती.

वास कमी झाला. पत्रा तितकाच राहिला. तिनं बाहेर पाहिलं. उतरतं ऊन होतं. हुमनाबादच्या पलीकडं, कलबुर्गीच्या वाटेवर, परतीच्या पावसाचं आभाळ काळंनिळं भरून आलं होतं आणि त्याच्या पोटात अधूनमधून चमकत होतं. निघताना ते नव्हतं. विमानात वीज असती तर त्याला वळसा घालून, रेडिओवर विचारत विचारत परत जाता आलं असतं. उलट्या बाजूला आभाळ मोकळं होतं आणि तिकडं, पठाराच्या कडेला, बिदर होतं. तिचं ठरायला वेळ लागला नाही. तिनं कानावरचा हेडफोन काढला, नागराजचाही ओढून काढला, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "बिदरला जायलोय आपण."

"बिदरला नको," तो ओरडला. "ते मिलिटरीचं हाय. चौकशा लागतील. लायसन जाईल."

"जाऊ द्या."

"खाली आमचा माळ हाय. मेंढरं बसायचा. सपाट हाय, मॅडम. तिथं टेकवा."

तिनं खाली पाहिलं नाही. तो माळ तिनं मघाच पाहून ठेवला होता. त्याच्या मधून विजेच्या तारा गेल्या होत्या, कडेला तुरीचं उभं पीक होतं, आणि गवतात दगड किती ते वरून सांगता येत नव्हतं. मेंढराला सपाट असलेली जमीन चाकाला सपाट असतेच असं नाही. "इंजिन बंद पडलं तरच," ती ओरडली. "ते चालायलंय. ऐका. चालायलंय ते."

"आई बघायलीय," तो म्हणाला. हे तो ओरडला नाही, तिनं ते ओठांवरून वाचलं. तिला त्याचा राग आला नाही, हसूही आलं नाही. "आईसमोर उतरायचं तर धड उतराय पायजे," ती म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की शाळेतली, फळ्यासमोरची आपली भाषा केव्हाच गळून पडलीय. पहिल्या भेटीत नागराजनं तिला गाव विचारलं होतं. खटकचिंचोळी म्हटल्यावर तो खुलला होता. "आमच्या अप्पाची, पिराप्पाची मेंढरं तुमच्या शिवारात बसायची. तुमचं घर गावात कुनीकडं?" गाव सांगितल्यावर हा प्रश्न येतोच, आणि तो घराचा नसतो. तिनं सांगितलं होतं, बुद्धविहाराच्या मागं. थोडं थांबून तो म्हणाला होता, "असू द्या." चांगल्या मनानंच म्हणाला होता. तरी ते असू द्या तिच्या बुटात खड्यासारखं राहिलं होतं, आणि पुढं कित्येक रविवार त्याच्या शेजारी बसून तिनं त्याला शिकवलं होतं तेव्हाही ते तिथंच होतं. आज, या क्षणाला, ते सापडेना.

त्यानं खिशातून मोबाइल काढला होता आणि अंगठ्यानं भाग्यलक्ष्मीचं, त्याच्या बायकोचं नाव शोधत होता. स्नेहलनं फोन त्याच्या हातातून घेतला. रिकाम्या हातांनी तो तिच्याकडं पाहत राहिला, आणि तिला कळलं की या हातांना काही दिलं नाही तर ते कशालाही धरतील. तिनं त्याचा डावा हात उचलून सुकाणूवर ठेवला. "तुम्ही चालवा."

"मी?"

"समोर बघा. नाक आभाळाच्या कडेवर ठेवा. त्या कडेवरून हालू द्यायचं न्हाई. दुसरं काही करायचं न्हाई."

त्याचे खांदे कानापर्यंत आले, पण नाक कडेवर राहिलं. त्याच फोनवरून ती शाळेच्या मुख्य प्रशिक्षकाला, रत्नपाल सरांना संदेश लिहू लागली. वीज गेली, वास येतोय, बिदरला चाललोय, त्यांना कळवा. पाठवला. बारकी खूण एकच उमटली, दुसरी उमटेना. खाली वाड्या जात होत्या, नेटवर्क येत होतं आणि जात होतं. तिनं फोन मांडीखाली सरकवला. ज्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही ते बाजूला ठेवायचं. आता एक गोष्ट तिच्या हातात उरली होती, आणि तीच करायची तिला भीती वाटत होती. बॅटरीत अजून जीव होता. मुख्य स्विच लावला, फक्त रेडिओ चालू ठेवला, तर बिदरशी बोलता येईल. पण वायर कुठं जळली ते ठाऊक नव्हतं. त्या वाटेनं वीज पुन्हा सोडायची म्हणजे निखाऱ्यावर फुंकर घालायची. न बोलता गेलं तर तळावर जेट विमानं उतरत असतील, त्यांच्या मधे आपण न बोलावता, मुक्यानं शिरणार. तिनं बाकीची सगळी बटणं एकेक करून बंद केली, दोनदा तपासली, काय बोलायचं ते मनात चार शब्दांवर आणून ठेवलं, हेडफोन कानावर परत चढवला, आणि स्विच लावला. सळसळ आली. तिनं नाव सांगितलं, वीज बंद पडल्याचं सांगितलं, धुराचा वास, दोघं जण, उतरायला येतोय. पलीकडून बाईचा आवाज आला, इंग्रजीत, अर्धाच, पुन्हा सांगा म्हणणारा, आणि त्याच वेळी तो गोडसर वास नाकात शिरला. तिनं स्विच खाली ओढला. आवाज गेला. किती पोचलं होतं? नाव पोचलं असेल. धूर? येतोय हे? पत्र्यावर हात ठेवून ती बसून राहिली. आपण हाक मारली आहे आणि ती कुणी ऐकली की नाही हे माहीत नाही, तरी पुढं जायचं आहे. हे तिला नवीन नव्हतं. स्कॉलरशिप मिळवून ती पहिल्यांदा विमानतळावर शिकायला गेली होती तेव्हापासून बहुतेक वेळ असाच गेला होता. फक्त तेव्हा ते जिवावर बेतलेलं नव्हतं.

किल्ल्याची तटबंदी दिसली, मग गुंबज, मग शहराची पांढुरकी पसरण आणि तिच्या बाजूला ती लांब, सरळ, राखाडी धावपट्टी. तिनं नागराजकडून विमान घेतलं. तळाच्या बाजूनं, पुरेसं लांब राहून, तिनं पंख डावे उजवे हलवले. मुकं विमान आहे, बघा, असं सांगायची तेवढी एकच रीत असते. पुन्हा हलवले. तळावरच्या कंट्रोलच्या मनोऱ्याच्या काचांवर ऊन पडलं होतं. त्या उन्हात एक बारीक बिंदू पेटला. लाल. स्थिर. पुस्तकात आणि परीक्षेत तिनं तो ओळखला होता, खऱ्या आयुष्यात आजवर कधी पाहिला नव्हता. उतरू नका, दुसऱ्यांना वाट द्या, फिरत राहा. म्हणजे त्यांनी पाहिलंय. तिनं विमान वळवलं, जवळच्या जनवाडा गावाच्या उसावर आणलं आणि तिथं फेरी धरली.

नागराजनं तिचा दंड धरला. "अक्का," तो म्हणाला. आजवर तो मॅडम म्हणत आला होता. "अक्का, लाल दाखवायलेत. नको म्हनायलेत आपल्याला. उतरू देत न्हाईत ते."

"लाल म्हंजे थांबा. नको न्हवं."

"आग लागली तर?"

थांबा आणि नको यातला फरक तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या घरातल्या तीन पिढ्यांना जे थांबा म्हणून सांगितलं गेलं होतं ते नको होतं. नोकरीच्या मुलाखतींत, भाड्याच्या घरांच्या दारांत, कळवतो म्हणणाऱ्या गोड आवाजांत तिनं थांबाच्या आत दडलेलं नको इतक्या वेळा ऐकलं होतं की आताही तिचं मन सांगत होतं, घूस, कुणाची वाट बघतेस, तुला हक्क आहे. आणि हक्क खरंच होता. धूर असलेल्या विमानाला कुणी बोल लावला नसता. पण वळताना तिला दिसलं, पश्चिमेच्या उजेडात दोन काळे ठिपके, एकामागं एक, पाठीशी धुराची बारीक रेघ सोडत धावपट्टीकडं उतरत होते. त्यांचा वेग तिच्या कितीतरी पट. त्यांच्याकडं तेल किती उरलंय तिला माहीत नव्हतं, तशी तिच्या पट्टीमागं काय जळतंय हे त्यांना माहीत नव्हतं. हा लाल तिच्यासाठी अडवून धरलेला नव्हता. ते खरंच फक्त थांबणं होतं. एवढं मानायला तिला जितकं बळ लागलं, तितकं ती घुसली असती तर लागलं नसतं.

तिनं आपल्यापुरती एक हद्द ठरवली. पत्रा आत्ता आहे त्यापेक्षा तापला, किंवा धूर डोळ्यांना दिसला, तर लाल असो काही असो, ती सरळ जाईल आणि धावपट्टीच्या बाजूच्या गवतावर टेकवेल. तोवर नाही. ठरवल्यावर हात हलका झाला. वास येतोय की नाकातच राहिलाय, हे तिला उमगत नव्हतं. नाकावर विसंबायचं नाही, तळहातावर विसंबायचं. नागराज डोळे मिटून बसला होता. तिनं त्याला कोपरानं ढोसलं. "डोळे उघडा अण्णा. मनोऱ्याकडं बघत ऱ्हावा. हिरवं दिसलं की सांगा." त्यानं डोळे उघडले, काचेला नाक लावलं. दुसरी फेरी झाली. उसाच्या शेतातलं पाणी लालसर होऊ लागलं, सावल्या लांबल्या. दिवे नसलेल्या विमानाला अंधार पडायच्या आत खाली जायलाच हवं होतं. मावळत्या उजेडाकडं तिनं एकदा पाहिलं, आणि त्याचंही माप घेऊन ठेवलं. पहिलं जेट टेकलं. दुसरं टेकलं. तिसरी फेरी अर्धी झाली होती.

"हिरवं," नागराज म्हणाला. मग तिच्या कानात, पुन्हा, हळू, "हिरवं हाय, अक्का."

तिनं स्वतः पाहिलं. हिरवं होतं. पंख हलवून तिनं समजल्याचं सांगितलं आणि वळली. उतरताना वेग कमी करणारे पंखांमागचे पडदे विजेवर खाली येत, त्यामुळं ते येणार नव्हते. नाक वर ठेवून, नेहमीपेक्षा जास्त वेगात उतरावं लागणार होतं. जेटसाठी बांधलेली ती धावपट्टी समोर उलगडत गेली. इतकी रुंद जमीन तिनं आपल्यासाठी मोकळी झालेली कधी पाहिली नव्हती. विमान जमिनीवर तरंगत राहिलं, खाली बसेना. तिनं जबरदस्ती केली नाही, धरून ठेवलं, धरून ठेवलं, आणि चाकं आपसूक लागली. एकदा करकरली आणि लागली. थांबल्यावर तिनं तेल तोडलं, इंजिन बंद केलं, आणि नागराजला दार उघडून आधी बाहेर ढकललं. आगीची गाडी त्यांच्या मागं येऊन उभी होती. उतरल्यावर ती विमानाला पाठ लावून उभी राहिली. काट्या-बटणांच्या पट्टीमागं एका वायरीचं कातडं घासून गेलं होतं आणि ती वायर लोखंडाला लागत होती, हे मग आगीच्या गाडीवरच्या जवानानं टॉर्च लावून दाखवलं. काळी पडलेली वीतभर वायर. आग नव्हती. होणार होती.

मनोऱ्यातली बाई खाली आली. हवाई दलाच्या निळ्या गणवेशात, स्नेहलहून लहान, छातीवरच्या पट्टीवर महादेवी. दोघी कन्नडमधे बोलल्या. महादेवी म्हणाली, तुमचं बोलणं धूर या शब्दावर तुटलं. वर दोन जेटवाल्यांकडं पुन्हा फेरी मारण्याइतकं तेल नव्हतं. लाल धरला, पण तुम्ही थांबाल असं मला वाटलं नव्हतं. मी असते तर थांबले असते की नाही, मला माहीत नाही. स्नेहलला खूप काही सुचलं, पण ती एवढंच म्हणाली, "लाल होता ना." महादेवीनं तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. दोघींचे तळहात सारखेच गार होते.

चौकशा लागल्या. कागद झाले, जबाब झाले. नागराज भीत होता तितकं काही झालं नाही. फाटकाजवळच्या बाकावर गाडीची वाट पाहत बसलेला असताना त्याच्या फोनवर आईचा फोन आला, आणि बाणूबाईचा आवाज शेजारी स्नेहललाही ऐकू आला. "कामून रे नागू? दुसरी फेरी मारतो म्हनलास अन् निघून गेलास. समदं गाव मान वर करून बसलं." तो म्हणाला, "व्हय आई. काम निघालं. बिदरला हाव." त्यानं फोन स्नेहलकडं दिला. तिनं तो घेतला आणि म्हणाली, "बाणूअक्का, मी स्नेहल. विमान शिकवते त्यास्नी. बरे हाईत ते. जेवायला घरी येतील." पलीकडून म्हातारी म्हणाली, "तूबी ये माय." फोन परत देताना नागराज तिच्याकडं न पाहता म्हणाला, "मी इकून टाकतो ते विमान." ती म्हणाली, "इका. पण इकायच्या आधी ते हितून न्यावं लागंल. डाव्या खुर्चीवर तुमी बसा."

तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. वायर बदलली, जनरेटर बदलला, तपासणी झाली, आणि विमान न्यायच्या सकाळी तो तिच्या आधी येऊन विमानाच्या पंखाखाली उभा होता. दाढी केलेली, डोळे जागरणाचे. तो डावीकडं बसला. उड्डाण चांगलं झालं, थोडं घाईचं. आभाळ धुतल्यासारखं होतं. जनवाड्याच्या उसावर आल्यावर कानात त्याचा आवाज आला, सरळ, जवळून. "मॅडम, ते बंद करा."

"काय?"

"चार्जिंगचं. तुमी बंद करा. मी काय करतो ते मला बघायचंय."

हे ती त्याला पुढं केव्हातरी करायला लावणारच होती, पण आज नव्हे. तिनं त्याच्या हाताकडं पाहिलं. बोटांची पेरं पांढरी झाली होती. बाहेर पाहिलं. धावपट्टी पाठीशी, जवळच. मनोऱ्याला सराव करत असल्याचं तिनं कळवलं. महादेवीनं, तीच असावी, बरं म्हटलं. स्नेहलनं स्विच दाबला. लाल दिवा लागला. नागराजनं दिव्याकडं पाहिलं आणि त्याचा श्वास तिला कानात ऐकू आला. मग त्यानं नजर उचलली, समोर नेली आणि विमानाचं नाक आभाळाच्या कडेवर आणून ठेवलं. ते तिथं थांबलंय याची खात्री होईपर्यंत त्याचा दुसरा हात मांडीवरून हलला नाही. मग तो हात पट्टीकडं गेला.

"वास?" तिनं विचारलं.

"न्हाई." त्यानं तळहात पत्र्यावर टेकवला. "थंड हाय."

"मग?"

पुढं काय करायचं ते तो सांगू लागला. अडखळत, निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमधे, मधेच चुकून. ती चूक तिच्या ओठांवर आली होती. तिनं ती बोलून दाखवली नाही. त्यानं स्वतःच थांबून, मागं जाऊन ती दुरुस्त केली आणि पुढं गेला. स्नेहलनं आपली खुर्ची सुकाणूपासून एक खाच मागं सरकवली.